आधारची झेरॉक्स देण्याआधी

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक आधार-पॅनच्या जादा प्रती काउंटरवरच सोडून जातात. मी त्या फाडून टाकतो, पण सगळेच फाडतील असं धरू नका. प्रती मोजून घ्या, खराब निघालेलीही मागून घ्या. प्रत्येकीवर कशासाठी, कोणाला आणि तारीख लिहून सही करा. अक्षरं फोटोवरून आडवी जाऊ द्या. कोपऱ्यात लिहिलेलं सहज कापता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाईल प्रिंट झाली की दुकानदाराला तुमच्यासमोर पुसायला लावा.

चालत असेल तिथे मास्क्ड आधारच द्या. त्यात नंबरचे फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात, आणि ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून फुकट मिळतं.

मला सगळ्यात जास्त काळजी बोटांच्या ठशांची वाटते. आधार जोडलेल्या खात्यातून आधार नंबर आणि ठशावर पैसे निघू शकतात, ओटीपी विचारला जात नाही. म्हणून त्याच साइटवर बायोमेट्रिक लॉक करा. रेशनला ठसा लागतो, तेव्हा तेवढ्यापुरतं उघडता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर बिचारी रांगेतून रिकाम्या हाताने परत येतात.

संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावरची सिम बघा. अनोळखी नंबर तिथेच कळवता येतो. सिबिलचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, पूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, त्यात न घेतलेलं कर्ज आहे का तपासा. खात्यातून पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच बँकेला कळवा.