जुनं घर घेताय? इसार देण्याआधी छत तपासा

खानदेशात जुनं घर विकायला निघालं की आधी सागाच्या खांबांचं कौतुक होतं. साग टिकतोच. घर जातं ते बहुतेक वेळा सांध्यांतून. म्हणून ओळंबा, लाईनदोरी, टेप, टॉर्च आणि जाड पेचकस घेऊन जा, आणि जमलं तर एखादा जोराचा पाऊस होऊन गेल्यावर जा. उन्हाळ्यात ओलीचे डाग चुन्याखाली झाकलेले असतात.

धाब्याचं घर, म्हणजे लाकडावर मातीचा थर टाकलेलं सपाट छत असेल, तर पहिल्यांदा ती माती मोजा. छतातल्या झरोक्याच्या कडेला थर उघडा दिसतो, तिथे टेप लावा. गळती थांबवायला वर नवी माती टाकत जातात, जुनी कुणी काढत नाही. एक फूट जाडीचा थर १० बाय १० फुटांच्या खोलीवर कोरडा असतानाच साडेचार ते पाच टन भरतो, भिजल्यावर आणखी. १९९३ च्या किल्लारी भूकंपात इतकी माणसं गेली, त्यामागे दगडमातीच्या भिंती आणि असंच जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं.

मग प्रत्येक खांबाला लगतच्या दोन बाजूंनी ओळंबा लावा. एकच खांब कललेला असेल तर त्याचा उथळा, म्हणजे खांबाखालचा दगड खचला असावा, ते काम आवाक्यातलं आहे. पण ९ फुटांच्या खांबांमध्ये इंचाहून जास्त कल असेल आणि सगळे एकाच दिशेला झुकले असतील, तर सांगाडाच कलतोय. अशा वेळी शेजारी बघा. गल्लीतली घरं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. शेजाऱ्याने जुनं पाडून स्लॅब टाकला असेल, तर तुमच्या घराचा तो आधार गेलेला असतो.

तुळईखाली दोरी ताणा. १० फुटांत मध्यभागी अर्धा इंच झोळ चालेल, एक इंचाच्या पुढे इंजिनिअर बोलवा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मात्र न चुकता टोचून बघा. वरून रंग चांगला दिसतो आणि पेचकस अर्धा इंच सहज आत जातो, कारण ओल आणि वाळवी तिथूनच शिरते.

पत्र्याच्या किंवा कौलाच्या उतरत्या छताचं दुखणं वेगळं. धाबं वजनाने खाली बसतं, पत्रा वाऱ्याने वर उचलला जातो. मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे केळी आडवी करणारं वादळ छतांनाही सोडत नाही. पत्र्यावर दगड ठेवलेले दिसले, तर हुक नाहीत किंवा सुटलेत असं धरा.

कैचीच्या, म्हणजे उतरतं छत पेलणाऱ्या तिकोनी चौकटीच्या तळाचा आडवा दांडा शाबूत आहे का? माळा उंच करायला तो कापलेला सापडतो. तो गेला की कैचीचे पाय बाहेर सरकतात आणि भिंतीचा माथा ढकलतात: बाहेरून वर फुगवटा, आतून कैचीच्या टेकणीखाली आडवी चीर. दुसरं, कैच्या एकमेकींना फक्त रिपांनी (आडव्या पातळ पट्ट्यांनी) जोडलेल्या असतील तर त्या पत्त्यांसारख्या एका दिशेला पडू शकतात. पहिल्या आणि शेवटच्या गाळ्यात, म्हणजे दोन कैच्यांमधल्या जागेत, फुलीच्या आकाराचं तिरकं ब्रेसिंग (आधाराचे दांडे) हवंच, घर लांब असेल तर मधल्या एका गाळ्यातही. ४ बाय २ इंची साग किंवा ५० बाय ५० बाय ६ मिमीचा अँगल घ्या. टोकांना १२ मिमीचे बोल्ट, रुंद वॉशरसह. खिळे नकोत, वाऱ्याच्या हिसक्यांनी ते सुटत जातात. पत्र्याला ८ मिमीचे इंग्रजी ‘J’ आकाराचे हुक पन्हाळीच्या उंचवट्यावर मारा, खाचेत नाही. वळचणीला आणि टोकाच्या कडांना ते जवळजवळ हवेत, वारा तिथूनच पत्रा उचलतो.

दुरुस्तीत आधी तुळयांखाली टेकू द्या, मगच धाब्याची माती उतरवा, तीही सगळीकडून सारखी. एकाच बाजूने उतरवली किंवा कोपऱ्यात ढीग केला, तर सैल सांगाडा त्या बाजूला ओढला जातो. ब्रेसिंग बसून बोल्ट आवळले जाईपर्यंत टेकू हलवू नका. या सगळ्याचा खर्च सुतार आणि फॅब्रिकेटरकडून लिहून घ्या, भाव करताना तो समोर ठेवा, आणि छताची तपासणी होईपर्यंत सौदा पक्का नाही असं इसारपावतीत लिहून घ्या.