बाळाची पहिली लस यायच्या आधी आईने काय घ्यायचं आणि कधी

बाळाला डांग्या खोकल्याची पहिली लस मिळते ती सहा आठवड्यांनी, काही देशांत दोन महिन्यांनी. फ्लूची तर सहा महिने पूर्ण व्हायच्या आधी देतच नाहीत. म्हणजे बाळ सगळ्यात नाजूक असतं नेमकं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नसतं, जे असतं ते आईने दिलेलं. माझ्या पहिल्या वेळी मी सातव्या महिन्यात लसीचं विचारलं तर "डिलिव्हरी होऊ दे मग बघू" असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. दुसऱ्या वेळी नीट वाचलं, दोन-तीन डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की नंतर बघू म्हणण्यात मोठा भाग हातचा निघून जातो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. आईकडून बाळाला संरक्षण दोन वाटांनी मिळतं. पहिली वाट वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. आईच्या रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, वार स्वतः उचलून बाळाच्या रक्तात सोडते, आणि हे काम शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जोरात चालतं, इतकं की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त आयजीजी असू शकतं. दुसरी वाट दुधाची. दुधात मुख्यतः आयजीए नावाची दुसऱ्या प्रकारची अँटीबॉडी असते, सुरुवातीच्या चिकात तर भरपूर, ती बाळाच्या तोंडाला, घशाला, आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसते आणि जंतूंना चिकटू देत नाही, पण बाळाच्या रक्तात ती फारशी जात नाही. त्यामुळे "मी अंगावर पाजणारच आहे, मग इंजेक्शन कशाला" हा हिशोब चुकतो. दूध हवंच, पण रक्तातला साठा फक्त पोटात असतानाच भरता येतो.

आता कॅलेंडर घ्या. महिन्यांत मोजू नका, कारण सातवा महिना लागला की संपला यावरून घरात आणि दवाखान्यात कायम गोंधळ होतो, आठवड्यांत मोजा. सोनोग्राफीवरून ठरलेली ड्यू डेट म्हणजे ४० आठवडे. तिथून १३ आठवडे मागे गेलात की २७वा आठवडा, ८ मागे गेलात की ३२वा, ४ मागे गेलात की ३६वा. या तीन तारखांवर गोल करा आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, पुढच्या अपॉइंटमेंटला तारीख दाखवून विचारा.

२७ ते ३६ या मधल्या काळात टीडॅप. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला तिन्हीची एकत्र लस. अमेरिकेत हा २७ ते ३६ चा काळ सांगतात, ब्रिटनमध्ये १६ आठवड्यांपासूनच देतात, तर तुमच्याकडे काय पाळतात ते विचारा, पण शक्यतो या खिडकीच्या सुरुवातीलाच घ्या. कारण लस घेतल्यावर आईच्या अँटीबॉडीज पुरेशा वाढायला साधारण दोन आठवडे लागतात, मग त्या बाळाकडे जायलाही वेळ हवा, आणि बाळ लवकर येणार नाही याची खात्री कोणालाच नसते. ३६वा उलटून गेला तरी सोडू नका, डिलिव्हरीपर्यंत घेता येते, फक्त बाळाच्या वाट्याला कमी येतं.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बऱ्याच जणींना गरोदरपणात टीटी किंवा टीडी दिलेली असते आणि त्यांना वाटतं झालं, घेतली लस. टीटीमध्ये फक्त धनुर्वात असतो, टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प, दोन्हीत डांग्या खोकला नाही! फाईलमधला स्टिकर वाचा, कळलं नाही तर सरळ विचारा "यात डांग्या खोकल्याचा भाग आहे का". धनुर्वाताचे आधीचे डोस झाल्याची नोंदच नसेल तर निदान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि दुसरा डिलिव्हरीच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवा, त्यातला एक डोस टीडॅपचा चालतो का हे डॉक्टर ठरवतील.

मागच्या वेळी घेतली होती मग आता नको, असंही नाही. डांग्या खोकल्याच्या अँटीबॉडीज पटकन उतरतात म्हणून प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यायची, दोन मुलांमध्ये दीडच वर्षाचं अंतर असलं तरी. ब्रिटनने २०१२ मध्ये साथ आल्यावर गरोदर बायकांना ही लस द्यायला सुरुवात केली, आणि तिथल्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांच्या बाळांमध्ये आजार टाळण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्के निघालं. मला स्वतःला हा आकडा वाचून गलबलून आलं होतं. एवढ्याशा बाळाला डांग्या खोकला झाला तर ते कधीकधी खोकतसुद्धा नाही, त्याचा श्वासच मध्ये थांबतो आणि ते निळं पडतं.

फ्लूच्या लसीला आठवडा बघायचा नाही, सीझन बघायचा. कोणत्याही महिन्यात चालते, फक्त इंजेक्शनवाली घ्या, नाकात मारायचा स्प्रे नको कारण त्यात जिवंत विषाणू असतो. टीडॅपबरोबर एकाच दिवशी घेतली तरी चालते.

आरएसव्ही हा विषाणू मोठ्यांना साध्या सर्दीसारखा होतो पण लहान बाळाच्या छातीत उतरतो. त्यावरची गरोदरपणातली लस २०२३ मध्ये मंजूर झाली. अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांत आणि ठराविक महिन्यांतच देतात, ब्रिटनमध्ये २८ आठवड्यांपासून वर्षभर. डिलिव्हरीच्या निदान दोन आठवडे आधी झाली तर उपयोग. जिथे ही नाही किंवा वेळ चुकली तिथे बाळालाच निर्सेव्हिमॅब नावाचं तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन देता येतं, बहुतेक बाळांना दोन्हींतलं एकच पुरतं, म्हणून ३२वा आठवडा लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की आपण कोणतं करणार आहोत. कोविडच्या लसीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि बदलतही राहतात, तेव्हा तेही त्याच भेटीत विचारा.

आता काय घ्यायचं नाही ते. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर आणि कांजिण्यांची लस या जिवंत लसी, गरोदरपणात देत नाहीत. यांची जागा दिवस जाण्याच्या आधी, आणि घेतल्यावर निदान एक महिना थांबून मग चान्स घ्यायचा. रुबेलाने पोटातल्या बाळाचं काय होतं हे जगाला पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९४१ मध्ये दाखवलं, त्याच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक यायला लागली आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. म्हणून प्लॅनिंग करत असाल तर रुबेलाची रक्ततपासणी आधीच करून घ्या. आणि चुकून एमएमआर घेतली, नंतर कळलं की दिवस गेलेत, तर घाबरून भलता निर्णय घेऊ नका, तेवढ्या कारणासाठी गर्भपात करा असं कोणीही सांगत नाही, डॉक्टरांना कळवा.

गरोदरपणात रुबेलाची इम्युनिटी नाही असं निघालं तर डिलिव्हरीनंतर घरी जायच्या आधीच एमएमआर मागून घ्या. अंगावर पाजत असताना ती चालते, कांजिण्यांचीही चालते, आणि टीडॅप-फ्लू राहिल्या असतील तर त्याही लगेच घ्या, कारण मग निदान तुमच्याकडून बाळाला लागण होण्याचा धोका कमी होतो. इंजेक्शन घेतलं म्हणून दूध पिळून टाकायचं, एक दिवस पाजायचं नाही, असं काहीही करायचं नसतं, त्याच तासाला पाजलं तरी चालतं. अपवाद आहे तो मुख्यतः यलो फीव्हरच्या लसीचा, प्रवासासाठी ती लागणार असेल तर बाळ किती महिन्यांचं आहे ते आधी सांगा.

हिपॅटायटिस बीची तपासणी प्रत्येक गरोदरपणात व्हायला हवी, आणि रिपोर्ट स्वतः वाचा. पॉझिटिव्ह असेल तर लेबर रूममध्ये जातानाच सांगा, बाळाला लस २४ तासांच्या आत आणि सोबतचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत मिळायला हवं. पाजणं मात्र त्यासाठी थांबवायची गरज नसते.

घरातल्यांचंही बघा. बाबा, आजी-आजोबा, सांभाळणारी मावशी, ज्यांच्या मांडीवर बाळ जाणार त्यांनी आपले टीडॅप आणि फ्लू बाळाला भेटायच्या दोन आठवडे आधी उरकावेत. खोकला असलेल्याला बाळ घेऊ देऊ नका, राग आला तरी येऊ दे.

इंजेक्शननंतर हात दुखतो, अंग मोडून येतं, बारीक ताप येतो, एक-दोन दिवसांत जातं. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्या, आयब्रुफेन गरोदरपणात मनाने घेऊ नका. आधी एखाद्या लसीने जोराची ॲलर्जी आली असेल तर सुई टोचायच्या आधीच सांगा.

बाळ लवकर आलं, समजा तिसाव्या आठवड्यात, तर आईकडून मिळालेला साठा अपुरा असतो. अशा बाळाच्या लसी जन्मतारखेपासूनच मोजायच्या, ड्यू डेटपासून नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या कुठल्याही बाळाचा ताप ३८ डिग्री सेल्सिअस झाला, श्वास अडकल्यासारखा वाटला, ओठ निळे दिसले किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर आईने सगळ्या लसी घेतल्या आहेत म्हणून घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल.

आईने दिलेल्या अँटीबॉडीज काही महिन्यांत उतरत जातात. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच बाळाच्या पहिल्या लसींची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहून टाका, आणि त्या दिवशी जाताना स्वतःचं लसीचं कार्डही बरोबर न्या.