माघाची वाट न बघता: ग्वाल्हेरच्या थंडीत वेलभाज्यांची रोपं

पौषात मोरार-लश्करच्या भोवतालच्या शेतांत गहू आणि फुललेली मोहरी डोलत असते, पण भाजीचा तुकडा ओस पडलेला असतो. सकाळी दहापर्यंत धुकं हटत नाही. अशा वेळी दुधी, काकडी, कारल्याची आठवण येणं साहजिक आहे. पण इथला वसंत फार आखूड. फेब्रुवारीच्या मध्याला तो येतो, मार्च सरताच ऊन तापतं आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दिवस मोठे आणि गरम झाले की वेलावर नरफुलं वाढतात, मादीफुलं कमी होतात. जमीन ऊबदार झाल्यावर बी टाकणाऱ्याच्या वेलाला बहराचा काळ नेमका तापलेल्या दिवसांत सापडतो. म्हणून पेरणी संक्रांतीच्या आधी, 1 ते 10 जानेवारीदरम्यान, पिशव्यांत करावी.

दहा आर (म्हणजे हजार चौरस मीटर) दुधीचा हिशेब असा. दोन ओळींत अडीच मीटर आणि दोन वेलांत 75 सेंटिमीटर अंतर धरलं तर साधारण 535 रोपं लागतात. मर आणि तूट धरून 650 पिशव्या भराव्यात. 15 बाय 10 सेंटिमीटरची पिशवी घ्यावी आणि तळाशी चार-पाच भोकं पाडावीत. पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू सारख्या मापाने घ्यावी. प्रत्येकी सात-आठ घमेली पुरतात. शेणखत कच्चं असलं तर कोवळी मुळं जळतात, त्यामुळे खात्री नसेल तर ते निम्मं करावं आणि माती वाढवावी.

थंड मातीत बी उगवत नाही, कुजतं. त्यामुळे मोड आणूनच पेरायचं. दुधीचं बी 24 तास कोमट पाण्यात भिजवावं. कारल्याचं कवच टणक, त्याला दोन दिवसही लागतात. काकडीला तीन-चार तास पुरे. मग निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळावं आणि गोठ्यात कडब्याखाली किंवा चुलीजवळच्या उबेत ठेवावं. गोणपाट ओलसर हवं, पाणी गळणारं नको. तीन-चार दिवसांत पांढरा मोड दिसतो. तो अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे वाढू देऊ नये, नाहीतर पेरताना तुटतो. मोड खाली करून दीड-दोन सेंटिमीटर खोल, पिशवीत एकच बी.

भरलेल्या पिशव्या एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफ्यात बसतात. जागा दिवसभर उन्हाची हवी. उत्तर आणि पश्चिम बाजूला बाजरीच्या कडब्याचा आडोसा करावा, कारण बोचरा वारा तिकडूनच येतो. वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या किंवा जाड तारेच्या पाच कमानी 75 सेंटिमीटरवर रोवाव्यात. प्रत्येक कामटी दोन मीटर लांब घेतली की दोन्ही टोकं 20 सेंटिमीटर जमिनीत जाऊन मधली उंची अर्धा मीटर राहते. वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन मीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब. काळं किंवा निळं घेऊ नये. उत्तरेकडची कड मातीत गाडावी, दक्षिणेकडची विटांनी दाबावी, म्हणजे रोज उघडता येते.

खरी गफलत होते ती पुढे. प्लास्टिक घातलं की रोपं वाचली, असा समज असतो. साधं पॉलिथिन दिवसाची ऊब अडवतं, पण रात्री जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता फारशी रोखत नाही. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असलेल्या रात्री आतलं तापमान पहाटेपर्यंत बाहेरच्याइतकं उतरू शकतं. म्हणून सूर्यास्ताआधी, आतली ऊब शिल्लक असताना, प्लास्टिकवर गोणपाटं किंवा पेंढ्याच्या चटया टाकाव्यात आणि ऊन आलं की काढाव्यात. धुक्याच्या रात्री हिमाचा, म्हणजे दव गोठण्याचा, धोका कमी असतो; तिथे दिवसाच ऊन न मिळणं ही अडचण. रोपं लांबट आणि फिकट होतात. त्यावर उपाय एवढाच की प्लास्टिकवरची धूळ पुसावी आणि पाणी आखडतं घ्यावं.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी उलटंच संकट. कमानींवरच्या या प्लास्टिकच्या बंद बोगद्यात दुपारी पारा सहज 40 च्या वर जातो आणि रोपं शिजतात. पिशव्यांच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगावा. 30 ला दक्षिणेची कड वितभर उचलावी, 35 ला पूर्ण उघडावी आणि तीन-साडेतीनला बंद करावी. धुक्याच्या दिवशीही टोकाकडून थोडी फट ठेवावी, कारण कोंडलेल्या ओलाव्यातच रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. बियाण्याला किलोला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळलेलं असलं तरी जास्त पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यावं, तेही सकाळी अकराच्या सुमारास. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट असतं. रात्रभर टाकीत थिजलेलं पाणी मुळांना झटका देतं.

सुमारे तीस दिवसांत दोन-चार खरी पानं, म्हणजे बियाच्या दोन दलांनंतर फुटणारी, येतात. शेवटचा आठवडा पाणी कमी करावं, दिवसभर उघडं ठेवावं आणि हिमाची शक्यता नसेल तर रात्रीही. लावणी फेब्रुवारीच्या 5 ते 15 तारखेदरम्यान. वसंत पंचमी पंचांगाप्रमाणे कधी जानेवारीतच येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये, रात्रीचं तापमान बघावं. सऱ्या पूर्व-पश्चिम काढून वरंब्याच्या दक्षिण उतारावर लावणी करावी; तिथली माती लवकर तापते. पिशवी ब्लेडने उभी चिरावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. वेलभाज्यांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत. दुपार कलल्यावर लावून लगेच पाणी द्यावं.

लावणीनंतरही एखादी हिमाची रात्र येऊ शकते. वारा पडलेला, आकाश स्वच्छ आणि अंदाज 4 अंशांखाली असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. धूर करण्याचा खटाटोप पुष्कळ जण करतात. लहान शेतात त्याचा फायदा पाण्याइतका नाही. रोपावर उलटं मातीचं मडकं किंवा कागदी टोपी ठेवली तरी चालते, सकाळी मात्र काढायला विसरू नये.

मार्चमध्ये लाल भुंगा कोवळ्या पानांवर तुटून पडतो. पिशवीतून चार पानांवर आलेली रोपं त्याला बरीच पुरून उरतात. मागे राहिलेल्या लहान रोपांवर सकाळी दव असताना चाळलेली राख भुरभुरावी.

टोमॅटो आणि मिरचीला हेच वेळापत्रक लावू नये. त्यांचं बी नोव्हेंबरअखेर याच पद्धतीच्या बोगद्यात पडायला हवं, कारण त्यांची रोपं थंडीत फार सावकाश वाढतात. भेंडी थेट शेतात पेरावी, पण फेब्रुवारीच्या मध्यानंतर. त्याआधी पेरलेलं बी जमिनीतच कुजतं आणि पुन्हा पेरावं लागतं.