घर सुटलेल्या रानमांजरांची साहसकथा कशी लिहावी

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. समजा, ती सातही घरं एकाच पंधरवड्यात गेली. तीही एकीची नाही, तर रानातल्या चारही टोळ्यांतल्या सगळ्या मांजरींची. एवढं डोक्यात आलं की कथा सुचल्यासारखी वाटते. मलाही वाटली. पहिला खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "ही मांजरं काढून माणसं घातली तर काय बदलेल?" काहीच बदललं नसतं. माझी मांजरं सभा भरवत होती, शपथा घेत होती, तांबड्या सूर्यास्ताकडे पाहून हळवी होत होती. तो खर्डा मी गुंडाळून ठेवला. खाली दिलेला क्रम त्या फजितीतून आला आहे.

१. आधी मांजराच्या अंगात शिरा

नावं, नकाशा, खलनायक हे सगळं नंतर. तुमच्या पात्राला जग कसं कळतं ते आधी ठरवा. मांजराला दिसायला माणसाच्या साधारण एक-षष्ठांश उजेड पुरतो, पण तांबडा रंग त्याला नीट कळत नाही. म्हणजे माझा सूर्यास्त बाद. नाकापासून वीतभर अंतरावरची वस्तू त्याला धूसरच दिसते, तिथे मिशा कामाला येतात. माणसाचं ऐकणं २० किलोहर्ट्झला संपतं, मांजराचं सुमारे ८५ पर्यंत जातं. गवताआड उंदराची जी बारीक चीं-चीं चालते ती आपल्याला ऐकूच येत नाही, त्याला येते. गोड चव त्याला लागत नाही, तेव्हा विजयाच्या मेजवानीत मध ठेवू नका. झाडावर ते सरसर चढतं. उतरताना मात्र नखांचा बाक उलटा पडतो आणि त्याला पाठमोरं, घसरत उतरावं लागतं. पाठलागाच्या प्रसंगात हे सोन्यासारखं वापरता येतं.

आणि काळा-पांढरा-नारिंगी असा तिरंगी बोका लिहू नका. ती रंगसंगती जवळजवळ नेहमी मादीतच येते. माझा सेनापती तिरंगी होता, आणि ही चूक एका शाळकरी वाचकाने दाखवून दिली.

संवादाचंही तसंच. मोठी मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करत नाहीत. म्याव असतं ते पिल्लाचं आईपाशी, नाहीतर पाळीव मांजराचं माणसापाशी. मग तुमच्या टोळीत एखाद्या तरण्या बोक्याच्या तोंडून भांडता भांडता चुकून म्याव निघून गेलं, तर केवढी नामुष्की! बाकीचं बोलणं कान मागे पाडणं, शेपूट फुलवणं, फिसकारणं, सावकाश डोळे मिटणं यांवर सोडा. शब्द कमी लागतील.

२. टोळी कशाने बांधलेली आहे ते ठरवा

रानमांजर हे मुळात एकांडं जनावर. सिंह सोडला तर कळप करून राहणं या कुळाला फारसं मानवत नाही. पण बेवारस मांजरं जिथे खायला मुबलक मिळतं तिथे जमून राहतात, आणि त्या जमावाचा कणा असतो मादीचा: आई, लेक, बहीण, मावशी. त्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही. वयात आलेले बोके बहुधा बाहेरची वाट धरतात. कथेला टोळ्या हव्यात तर त्या या कण्यावर उभ्या करा. सिंहासनावर बसलेला सरदार बोका ही आपली, माणसांची सवय आहे. वाघाची मावशी ही पदवी आपणच तिला दिली. टोळीत तर थोरली प्रत्येक जण मावशीच असणार. माझ्या कथेत पिल्लं तिला "मावशी, तू" म्हणतात आणि बाहेरून आलेला बोका "तुम्ही" म्हणतो. एवढ्या एका सर्वनामावर घरचं कोण आणि परकं कोण ते कळतं.

शब्द निवडतानाही थोडं थांबा. 'कळप' म्हटलं की शेळ्यामेंढ्या दिसतात, 'टोळी' म्हटलं की दरोडेखोर. मी निवेदनात 'टोळी' ठेवलं, कारण त्यात थोडी दहशत आहे, आणि मांजरांच्या तोंडी 'कूळ' दिलं. स्वतःला टोळी कोण म्हणवून घेईल?

३. घर जाऊ द्या, पण त्यांना न कळणाऱ्या कारणाने

धरणाचं पाणी चढत असेल, रस्ता होत असेल, रान तोडलं जात असेल. वाचकाला ते कळू द्या, मांजरांना नको. 'यंत्र', 'धरण' हे शब्द त्यांच्याकडे नाहीत. त्यांच्याकडे आहेत पंजे, कान आणि नाक.

मांजराचं घर म्हणजे चार भिंती किंवा अमुक झाडं नव्हेत. ते सीमेवर गाल घासून, नखं ओढून, मुतून रोज नव्याने लिहिलेलं वासाचं पुस्तक असतं. घर जातं म्हणजे ते पुस्तक पुसलं जातं. माझ्या जुन्या खर्ड्यात वाक्य होतं: "जंगल नष्ट होत होतं आणि ठिपकीला फार दुःख झालं." नंतर ते असं झालं:

ठिपकी सीमेवरच्या ओंडक्यापाशी आली. इथे तळाशी आजीचा वास असायचा, त्यावर आईचा, त्यावर तिचा स्वतःचा. ओंडका होता, पण त्याची साल गेली होती. आतल्या ओल्या लाकडाला कुणाचाच वास नव्हता. तिने गाल घासला. पंजांखाली जमीन थरथरली. तिने परत घासला. परत घासला.

दुःख हा शब्द गेला, आणि काही गेल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, भूक धोक्याच्या आधी आणा. मोठ्या मांजराला दिवसाला साधारण आठ-दहा उंदीर लागतात. चाळीस मांजरांची टोळी धरली तर दिवसाला तीन-चारशे उंदीर झाले. रानाला धक्का बसला की ही मांडणी कोसळते. मग शेजारच्या टोळीच्या हद्दीत चोरी, मग बोचकारणी, मग रक्त. निघायचा निर्णय होईपर्यंत टोळ्या आपसांतच अर्ध्या झालेल्या असू देत. आणि तो निर्णय एका सभेत, एका भाषणात कधीच होऊ देऊ नका. "आणखी दोन दिवस बघू" हे वाक्य माझ्या कथेत पाच वेळा येतं, प्रत्येक वेळी वेगळ्या तोंडी.

४. प्रवासाचं गणित मांडा

इथे बहुतेक कथा घसरतात. पान उलटलं की टोळी डोंगरापलीकडे. कागद घ्या आणि हिशेब करा.

मांजर थोड्या अंतरापुरतं ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाने सुटू शकतं, पण तो वेग झडपेचा आहे. लांब पल्ला रेटणं हा त्याचा पिंड नाही. शिवाय दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपतं. म्हणजे रात्री थोडं चालायचं, उजाडलं की दडायचं.

आता त्यात पिल्लं घाला. मांजरी एका वेळी एकच पिल्लू मानगुटीला धरून नेते. चार पिल्लं असतील तर चार खेपा पुढे आणि तीन मागे. एक किलोमीटर सरकायला तिला सात किलोमीटर चालावं लागतं! आणि या सबंध वेळात पिल्लं दोन ठिकाणी वाटलेली असतात. काही पुढच्या ढोलीत, काही मागच्या झुडपात, आणि आई मधे कुठेतरी, तोंड भरलेलं असल्यामुळे ओरडताही न येणारी. हा एकच हिशेब कळला आणि माझ्या कथेची सहा प्रकरणं जागेवर बसली. मागच्या झुडपापाशी कोण थांबणार? पुढच्या ढोलीत आधीच कोणी असेल तर? पाऊस मधल्या खेपेत आला तर?

मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत, ही म्हण इथे कामाला लावा. आईने मानगूट धरली की पिल्लू अंगाचं मुटकुळं करून गप्प लोंबतं. पण वैरी टोळीतल्या मांजरीने धरलं तर? कालपर्यंत जिने याच्या आईचा कान फाडला तिच्या दातांत आज पिल्लू द्यायचं. त्या प्रसंगाला लढाईपेक्षा जास्त पानं द्या.

पिल्लांच्या वयाचं कॅलेंडरही जवळ ठेवा. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती लडखडत चालतात, चौथ्यापासून दूध हळूहळू सुटू लागतं. निघताना डोळे मिटलेलं पिल्लू महिनाभराने स्वतःच्या पायांनी चालत असेल, आणि आईच्या खेपा कमी होतील. गाभण राहिल्यापासून साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, तेव्हा लांबच्या प्रवासात वाटेवर जन्मलेली पिल्लंही येतील. त्यांना जुन्या रानाचा वास ठाऊकच नसतो. मोठी मांजरं रात्री त्या रानाबद्दल बोलतात तेव्हा ही पिल्लं जांभया देतात. मला हे फार आवडतं, कदाचित गरजेपेक्षा जास्त जागा मी त्याला दिली.

चार टोळ्या 'एक झाल्या' असं लिहू नका. एका गटातली मांजरं एकमेकांना अंग घासून घासून सामाईक वास तयार करतात. तेव्हा एकीचा क्षण म्हणजे एखाद्या थंड पहाटे परक्या टोळीतल्या म्हाताऱ्याने न बोलता ठिपकीच्या गालाला गाल घासणं. बस. पुढच्या परिच्छेदात ते समजावून सांगायचा मोह होईल. तो खोडा.

आणि एकाला परत पाठवा. जागा बदललेली मांजरं जुन्या जागेकडे जायला निघतात हे ज्याने घर बदललं आहे त्याला ठाऊक असतं. माझा कानतुटा बोका नदी ओलांडल्यावर तिसऱ्या रात्री मागे वळला. त्याचं पुढे काय झालं ते मी लिहिलं नाही. मांजरांनाही ते कळलेलं नाही.

५. जादू एकच, आणि मांजराच्या शरीरातून आलेली

ताऱ्यांतून येणारी भविष्यवाणी सोपी पडते, म्हणूनच टाळा. मांजराच्या टाळूत वास चाखणारं एक वेगळं इंद्रिय आहे. ते वापरताना मांजर वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं टाकून स्तब्ध होतं. चेहरा थेट समाधी लागल्यासारखा. माझ्या कथेतली जादू तिथून आली: थोरल्या मावशीला मातीच्या वासातून तिथे पूर्वी काय घडलं ते कळतं. पुढचं काही कळत नाही. आणि प्रत्येक वेळी तिचा स्वतःचा एक ओळखीचा वास कायमचा पुसला जातो. किंमत नसलेली जादू दुसऱ्या प्रकरणातच कंटाळवाणी होते.

६. नवी जागा रिकामी नसते

पाणी, सावली, उंदीर असलेलं रान कुणाचं तरी असणारच. तिथे तुमचे नायक घुसखोर आहेत. त्या रानातल्या मांजरींना दुष्ट करू नका. एखादं प्रकरण त्यांच्या बाजूने लिहून पाहा, मग ते छापा किंवा फाडा. हद्द वाटून घेताना कुणाचं तरी नुकसान होऊ द्या.

७. शेवटचं वाचन मोजणीसाठी

भाषा, वेग हे सगळं तपासालच. पण एक वाचन फक्त डोकी मोजायला ठेवा. माझ्या कथेत निघताना राखीची चार पिल्लं होती. भाचीला वाचून दाखवत होते. नव्या रानात राखी झोपली, पोटाशी तीन पिल्लं. भाची म्हणाली, "चौथं कुठंय?" मी मागची पानं चाळली. ते नदीअलीकडच्या झुडपातच होतं; तिसऱ्या खेपेनंतर मी राखीला मागे पाठवायलाच विसरले होते.

आता माझ्याकडे एक तक्ता असतो: डाव्या बाजूला प्रत्येक पिल्लाचं नाव, वर रात्रींचे आकडे, आणि चौकटीत त्या रात्री ते कुणाच्या दातांत होतं ते. नदीच्या रात्रीची चौकट रिकामी निघाली, म्हणून राखीला परत जाताना दाखवणारं नवं प्रकरण लिहावं लागलं.