समुद्रावरची जुनी इंजिन-बोट घाटावर आणताय? या चुका टाळा

कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठच्या गावांनी 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिले आहेत. गावात स्वतःची एक इंजिन-बोट असावी असं तिथे वाटणं साहजिक आहे. हिडकलच्या किंवा सौंदत्तीकडच्या मलप्रभा जलाशयावर मासेमारी करणाऱ्यांनाही तिची गरज असते. नवी फायबर बोट आणि नवं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, परवडत नाही, म्हणून मालवण, वेंगुर्ला, गोवा या बाजूची वापरलेली बोट बघितली जाते आणि घाट चढवून वर आणली जाते. त्यात गैर काही नाही. पण घेणाऱ्याचं सगळं लक्ष इंजिन किती हॉर्सपॉवरचं यावर असतं, आणि घोळ होतो तो ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरमध्ये (रबरी पात्यांच्या चक्रात) आणि इंजिनात साचून राहिलेल्या मिठात.

गरम इंजिन बघून सौदा करणे

तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन चालवून गरम केलेलं असेल तर ते बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पुन्हा सुरू करायला सांगा. जुन्या इंजिनाचं खरं दुखणं गार असताना कळतं. प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजणारं गेज लावा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 10 ते 15 टक्क्यांहून जास्त असेल तर पिस्टन-रिंगचं काम निघणार हे धरून किंमत ठरवा. किनाऱ्यावरची बरीच इंजिनं रॉकेलवर चालण्यासाठी बनवलेली असतात. त्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं, त्यामुळे पेट्रोल इंजिनाशी तुलना करून फसू नका. पाटीवरचा मॉडेल नंबर आधी बघा.

खालच्या गिअरच्या डब्याचा तळाचा स्क्रू सैल करून चमचाभर तेल काढा. दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचं आलं तर सीलमधून पाणी आत गेलंय. चकाकणारी लोखंडाची कीस दिसली तर गिअर झिजलेत.

मग ट्रान्सम, म्हणजे ज्यावर इंजिन अडकवतात ती मागची फळी. फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपून ते कुजतं आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे लाकूड गेलंय. इंजिन थोडं वर करून त्याचा खालचा भाग धरून दाबा आणि फळीकडे बघा. फळी लवत असेल तर सौदा सोडा. इंजिन दुरुस्त होतं, ट्रान्समचं काम मात्र जवळजवळ नवी बोट करण्याइतकं मोठं असतं.

विक्रेत्याने सांगितलेलं वजन खरं धरणे

"चारशे किलो असेल" हे वजन नुसत्या बोटीचं असतं. 16 फुटी फायबरची बोट 350 ते 400 किलो, 40 हॉर्सपॉवरचं इंजिन 75 ते 100, पेट्रोल 25 लिटर म्हणजे 19 किलोच्या आसपास, बॅटरी, नांगर, दोर आणि वर ट्रेलर 180 ते 200. बेरीज 700 च्या आसपास जाते. तळातल्या फोमने पाणी शोषलं असेल तर आणखी वाढते. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे वजनकाट्यांची कमतरता नाही. गावाकडे आल्यावर बोटीसकट ट्रेलर एकदा काट्यावर घाला. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच काटा मिळाला तर उत्तमच. हा आकडा गाडीच्या पुस्तिकेतल्या ओढण्याच्या मर्यादेशी ताडून बघा.

त्याहून जास्त चुकतं ते हुकवर पडणारं वजन. एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के भार पुढे हुकवर हवा, म्हणजे 700 किलोला 50 ते 70 किलो. सपाट जागी ट्रेलर समतल ठेवून पुढच्या दांडीखाली माणसाचं वजन करायचा काटा ठेवला की कळतं. भार कमी असेल तर 50-60 च्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून रेस सोडा. कायमचा इलाज म्हणजे विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरख्याचा) खांब पुढे सरकवून बोट पुढे घेणे. पेट्रोलचे कॅन मागे ठेवले तरी हाच त्रास होतो.

हुकच्या गोळ्याचं माप जुळवा. 50 मिलिमीटरचा आणि 2 इंची गोळा डोळ्यांना सारखेच दिसतात. गोळ्यावर आणि त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरवर कोरलेलं माप वाचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पिन असेल तर तिच्यात खेळ असतो, म्हणून खाली लॉकची क्लिप घातल्याशिवाय निघू नका. दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या एकमेकींवरून अडकवा, म्हणजे हुक सुटला तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही.

बेअरिंग न उघडता दीडशे किलोमीटर निघणे

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बोटीचा ट्रेलर दर खेपेला पाण्यात जातो. प्रवासात तापलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ते खारं असेल तर काही महिन्यांत बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात. ट्रेलर उभा असताना बाहेरून काहीच दिसत नाही. ऐन घाटात बेअरिंग जाम होतं, आणि स्पिंडल कापला गेला तर चाक निखळतं.

जॅक लावून चाक उचला. वर-खाली धरून हलवा, मग हाताने फिरवून कान द्या. खेळ किंवा घरघर असेल तर विक्रेत्याच्या दारातच काम उरका. काहीच जाणवलं नाही तरी टोपी काढून ग्रीस बघाच. राखाडी, फेसाळलेलं किंवा तांबूस दिसलं तर पाणी गेलेलंच आहे. दोन्ही बाजूंची आतली-बाहेरची बेअरिंग, त्यांचे कप आणि ऑइल सील एकदमच बदला. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो लिहून आणलात तर बेळगावात बेअरिंगच्या दुकानात जोडी मिळते. जुनं ग्रीस पूर्ण धुवून टाका. दोन जातींची ग्रीसं मिसळली की पातळ होऊन वाहतात. नवं वॉटरप्रूफ ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहा. ते दुसऱ्या बाजूने गोळ्यांच्या फटीतून बाहेर आलं की ते बेअरिंग भरलं. नट बसवताना चाक फिरवत नट आवळा, चाक जड झालं की नट सुमारे पाव फेरा मागे घ्या, हलक्या हाताने टेकवा आणि नवी कॉटर पिन घाला. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू नका.

टायरवरची नक्षी बघून समाधान मानू नका. हे टायर झिजून जात नाहीत, उन्हात उभे राहून तडकतात. बाजूवर चार आकडे असतात. 1419 म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर घाटात नेऊ नका, आणि त्याच मापाची स्टेपनी सोबत ठेवा.

बोट फक्त पुढून बांधणे

पुढच्या कडीला विंचचा पट्टा आणि त्याशिवाय वेगळी साखळी. मागे ट्रान्समच्या दोन्ही कड्यांतून ट्रेलरला दोन रॅचेट पट्टे. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. इंजिन वर उचलून ठेवायचा जो खटका असतो तो उभ्या बोटीसाठी आहे. रस्त्याच्या धक्क्यांनी तो तुटतो आणि सगळा हिसका ट्रान्समवर येतो. इंजिन आणि ट्रेलरच्या मध्ये आधाराची दांडी लावा.

आंबोली, चोर्ला, अनमोड, कोणताही घाट निवडा, पण दिवसा आणि पावसाळा सोडून. जून ते सप्टेंबर धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. चढताना खरी परीक्षा क्लचची होते. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर रोखून धरू नका, हँडब्रेक ओढा. वळणावर ट्रेलरचं आतलं चाक गाडीपेक्षा आतून जातं आणि थेट गटारात उतरतं, म्हणून वळण मोठं घ्या. निघाल्यावर 10-15 किलोमीटरवर, मग घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर थांबून दोन्ही हबना उलटा हात लावा. कोमट चालेल. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला किंवा हात टिकेना, तर तिथेच थांबा. पहिल्या थांब्यावर चाकाचे नटही पुन्हा आवळा.

ट्रेलरची अवस्था संशयास्पद असेल आणि किनाऱ्यावर फिटर मिळत नसेल, तर बोट टेम्पोतून आणा. भाडं जातं, पण माणसं आणि बोट दोन्ही घरी पोहोचतात.

"आता गोडं पाणी आहे" म्हणून मीठ विसरणे

समुद्रात चाललेल्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटांमध्ये मिठाचे थर असतात. ते आपोआप जात नाहीत. प्रोपेलर काढा, 200 लिटरच्या पिंपात इंजिन उतरवा. पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर हवं. न्यूट्रलमध्ये, रेस न देता 10-15 मिनिटं चालवा. पाणी बदलून पुन्हा एकदा. कोरडं इंजिन "फक्त आवाज ऐकायला" म्हणून कधीही सुरू करू नका. इम्पेलरला पाणीच वंगणाचं काम करतं, आणि कोरडा फिरला की मिनिटभरातही त्याची पाती जळतात.

इम्पेलर कितीही चांगला दिसला तरी जुन्या बोटीत बदलूनच टाका, आणि नंतर वर्षातून एकदा. बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, आणि शाफ्ट त्याच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत पंपाचं घर खाली बसवा. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या वाटेत अडकलाय, तो शोधल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. इंजिन तापतं म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग ते गारच चालतं, प्लग काळे पडतात आणि पेट्रोल जास्त लागतं. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का बघा, नसेल तर नवा घाला.

इंजिनाच्या पायाजवळ राखाडी धातूचा तुकडा असतो, तो अ‍ॅनोड. गंजाने इंजिनाऐवजी त्याला खावं म्हणून तो लावतात. समुद्रावर जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा बसतो आणि त्याचं काम थांबतं, मग गिअरचा डबाच खाल्ला जातो. अ‍ॅल्युमिनियमचा लावा. त्याला रंग लावू नका, अर्धा झिजला की बदला.

घाटावर ताकद कमी झाली म्हणून इंजिनाला दोष देणे

हिडकलची पूर्ण पातळी 2175 फूट, म्हणजे सुमारे 663 मीटर. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद सहा-सात टक्के कमी होते. पूर्ण रेसला आरपीएम पुस्तिकेतल्या आकड्यांपर्यंत पोहोचत नसतील तर कार्बोरेटर खोलण्याआधी प्रोपेलरचा विचार करा. पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढं पुढे सरकेल ते अंतर, एक इंच कमी केलं की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात.

सुरू होत नाही, बंद पडतं, ढकलत नाही

स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर आधी लाल दोरीची क्लिप (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) जागेवर आहे का बघा. पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतं, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. रबरी पंप दाबून घट्टच होत नाही, तर नळीत कुठेतरी हवा ओढली जातेय. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या नळ्या आतून फुगतात आणि सोलतात. नळ्या बदला आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर जोडा. टू-स्ट्रोकला 50:1 प्रमाण असेल तर 25 लिटर पेट्रोलला 500 मिली तेल, तेही टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. मोटरसायकलचं 2टी तेल यात चालत नाही.

आवाज वाढतो पण बोट पुढे जात नाही, तर प्रोपेलरच्या आतलं रबर सुटलंय. हबवर आणि बाहेरच्या नळीवर रंगाची एकच सरळ रेघ ओढा. चालवल्यावर रेघ तुटली तर निदान पक्कं. मागून पाण्याची पिचकारी येत नसेल तर ताबडतोब बंद करा. कृष्णेत बहुतेकदा जलपर्णी किंवा गाळ अडकलेला असतो. बरेच दिवस उभ्या इंजिनात कुंभारीण माशी त्याच भोकात मातीचं घर करते. नायलॉनच्या जाड दोऱ्याने टोचून काढा. दर महिन्याला प्रोपेलर काढून मागे जाळ्याचा तंगूस गुंडाळलाय का तेही बघा, कारण तो सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं.

काठावर

आपल्याकडे बोट उतरवायचा उतार क्वचितच असतो. काळ्या मातीत गाडी नेऊ नका, ट्रॅक्टर लावा, चाकांखाली फळ्या टाका. आधी बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावलंय का बघा, ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा, हब गार होऊ द्या, आणि बोट तरंगेपर्यंत विंचचा पट्टा सोडू नका. बंधाऱ्यांच्या जवळ, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना, बोट नेऊ नका. पुरात बुडालेले मोटरपंप आणि त्यांचे पाइप पाण्याखाली दिसत नाहीत.

कागदांचं लगेच बघा. ट्रेलरची वेगळी नोंदणी असते. परराज्यातला असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि 29, 30 वर विक्रेत्याच्या सह्या तिथेच घ्या. बोटीची नोंदणी 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याखाली येते, आणि जलाशयासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी.

ठेवताना बोटीचं तोंड उंच, बूच काढलेलं, इंजिन उभं, नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळेपर्यंत चालवलेलं. ताडपत्री बोटीला चिकटू देऊ नका, मध्ये बांबू घालून हवा खेळू द्या. मेच्या अखेरीस ती नदीत उतरवून माणसांच्या वजनासह अर्धा तास पूर्ण रेसवर चालवा. पिंपात छान चालणारं इंजिन भार पडल्यावर बंद पडू शकतं, आणि ते जूनच्या आधी कळलं तर सुटे भाग मागवायला वेळ मिळतो.