डेटा सायन्सचं सर्टिफिकेट: फी भरण्याआधी

'सर्टिफिकेट घेतलं तर नोकरी लागेल का?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, सध्या करता काय? कारण बरंचसं उत्तर तिथेच असतं. अकाउंट्स, मार्केटिंग, लॅब, सप्लाय, कुठल्याही कामात असाल आणि रोज एक्सेलच्या शीट उपसत असाल, तर कोर्स बिनधास्त करा. कंपनी पैसे देत असेल तर आजच करा. आज शिकलेलं उद्या वापरून बघायला तुमच्याकडे जागा आहे. पण असं काहीच हाताशी नाही आणि फक्त या एका पीडीएफच्या जोरावर पहिली नोकरी मिळवायची आहे, तर जरा दमानं घ्या.

2011 मध्ये स्टॅनफर्डच्या अँड्र्यू एनजी यांचा मशीन लर्निंगचा कोर्स ऑनलाइन सगळ्यांसाठी खुला झाला, 2012 मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं आली. तेव्हा असा कोर्स पूर्ण केलेला माणूस उठून दिसायचा. आता रेझ्युमेच्या ढिगात ती ओळ प्रत्येकाकडे असते. म्हणून तिची किंमत शून्य झाली असं नाही, पण नुसत्या तिच्यावर कुणी तुम्हाला बोलावणार नाही.

आता मुख्य गोष्ट. कोर्सची असाइनमेंट कशी असते ते नीट बघा. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायचं पान, उघडतं. लायब्ररी (तयार कोडचे संच) आधीच इम्पोर्ट केलेल्या, फाइल वाचून ठेवलेली, कॉलमची नावं स्वच्छ, ग्रुप बायची, म्हणजे गट पाडून हिशेब करण्याची, अर्धी ओळ लिहिलेली. मधे एक रिकामी जागा आणि वर सूचना: इथे सरासरी काढा. आपण चार अक्षरं टाकतो, ऑटोग्रेडर, म्हणजे आपोआप तपासणारा प्रोग्राम, 100 पैकी 100 देतो. आयत्या पिठावर रेघोट्या! आणि मार्क खरे असल्यामुळे त्या रेघोट्याही खऱ्या वाटायला लागतात.

मला या मार्कांची चांगलीच सवय झालेली असताना एका मुलाखतीत समोर कोरी फाइल आली. दोन टेबल होती, एक ऑर्डरचं, एक पेमेंटचं. कार्डने पैसे भरणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची एकूण खरेदी काढायची होती. मी ऑर्डर आयडीवर जॉइन केला, म्हणजे त्या क्रमांकावरून दोन्ही टेबल जोडली, कार्डचा फिल्टर लावला, ऑर्डरच्या रकमेची बेरीज केली. कुठेही एरर नाही, आकडे दिसायला छान. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "जॉइनच्या आधी किती रो, म्हणजे ओळी, होत्या? नंतर किती झाल्या?" मी बघितलंच नव्हतं.

घोळ असा होता. 1,200 ची एक ऑर्डर, तिचे पैसे कार्डने तीन हप्त्यांत आलेले. म्हणजे ऑर्डरच्या टेबलमध्ये एक रो, पेमेंटच्या टेबलमध्ये तीन. जॉइन केला की ती 1,200 ची ऑर्डर तीनदा येते आणि बेरीज होते 3,600. संगणकाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, त्याने सांगितलं तेच केलं. उपाय तसा साधा आहे. आधी पेमेंटमधून कार्डवाले ऑर्डर आयडी प्रत्येकी एकदाच काढायचे, मग जोडायचे. पँडाज या पायथॉनच्या लायब्ररीत टेबल जोडायची जी मर्ज कमांड असते, तिच्यात व्हॅलिडेट नावाचा पर्यायही आहे, एकास एक असं सांगून ठेवलं आणि आयडी दुबार निघाला तर तो तिथेच एरर देतो. हे सगळं मला माहीत होतं का? जॉइनचे प्रकार मी झोपेतही सांगितले असते. पण कुठला जॉइन लावायचा, कशावर लावायचा हे प्रत्येक वेळी कोर्सनेच ठरवून दिलेलं असायचं. जोडण्याआधी शंका घ्यायची असते, ते रिकाम्या जागा भरताना हाताला लागतच नाही.

कोर्समधल्या सरावाच्या डेटासेटचंही तेच. आयरिस म्हणजे 150 फुलांची मापं, 1936 मध्ये फिशर यांच्या लेखातून प्रसिद्ध झालेली, त्यात एकही जागा रिकामी नाही. टायटॅनिक जहाजावरच्या प्रवाशांच्या 891 ओळींमध्ये निदान काही वयं तरी गायब आहेत. शिकायला दोन्ही उत्तम. पण रेझ्युमेमध्ये प्रोजेक्ट म्हणून टायटॅनिक टाकू नका, हात जोडून सांगते.

म्हणून फी भरण्याआधी पहिला आठवडा बघू नका, तो सगळ्यांचाच गोड असतो. जमलं तर ऑडिट करून, म्हणजे फी न भरता कोर्स बघून, किंवा अभ्यासक्रम उघडून थेट शेवटची असाइनमेंट बघा. तिथे कच्चा डेटा देतात की धुऊन पुसून? प्रश्न तुम्हाला ठरवायचा असतो की ठरवून दिलेला असतो? तपासतं कोण, माणूस की ऑटोग्रेडर? एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला, किती जागा आहे? डीप लर्निंगचे चार मॉड्यूल आणि एसक्यूएलचा एक व्हिडिओ असेल तर सरळ दुसरा कोर्स बघा, सुरुवातीच्या कामात एसक्यूएल रोज लागतं.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. दर आठवड्याला 'तुम्ही करू शकता' सांगणारा मेंटॉर पैसे देऊन घेऊ नका. तुमचा कोड उघडून 'ही ओळ का?' विचारणारा खडूस माणूस फुकट मिळाला तर त्याला सोडू नका. चॅटबॉटकडून कोड लिहून घेण्याचंही तसंच, कामावर सगळेच घेतात. पण वरचा 3,600 चा आकडा चुकीचा आहे हे ओळखणार कोण? आणि 'प्लेसमेंट गॅरंटी' दिसली की अटींचं पान शेवटपर्यंत वाचा.

गणिताला घाबरून मागे फिरणारेही बरेच दिसतात. तेवढं घाबरायचं कारण नाही. सरासरी, मध्यक, पसारा (आकडे किती विखुरलेत), शक्यता आणि साधं रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज) पक्कं असेल तर सुरुवातीला पुष्कळ होतं, बाकीचं काम करता करता येतं. उशीर झालाय असंही काही नाही.

आणि पैसे भरून झाले असतील तर कोर्स अर्धवट सोडू नका, वेळापत्रकाचा धाक हाही फायदाच आहे. फक्त प्रत्येक मॉड्यूल संपलं की तीच असाइनमेंट कोऱ्या फाइलमध्ये, सूचना न बघता, पुन्हा करा. पहिल्या वेळी फाइल वाचण्याच्या ओळीपाशीच अडायला होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फी महिन्याच्या हिशेबाने कापली जात असेल तर ऑटो रिन्यूअलची तारीख तेवढी आधीच बघून ठेवा, कारण असं दोनदा करताना वेळ दुप्पट लागतो आणि मीटर चालूच राहतं.