कोड तपासणारं नवं मॉडेल चालू कामात कसं बसवावं

कोड तपासणारं नवं एआय मॉडेल हाती आलं की पहिला मोह होतो तो थेट सीआयला (प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेला) जोडून मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं, अडवण्याचा. ते सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी जुन्या कोडवर शेकडो इशारे पडले, की टीम ते वाचणं सोडून देते.

सुरुवात मर्ज झालेल्या वीसेक पुल रिक्वेस्टपासून (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्यांपासून) करा, शक्यतो ज्यांतून पुढे बग निघाले अशा. मॉडेलला त्यांचे डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, द्या आणि प्रत्येक इशाऱ्यापुढे हाताने लिहा: खरा, खोटा की नुसती आवडनिवड. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. ‘व्हेरिएबलचं नाव बदला’ छापाचे इशारे फार असतील तर बंदच करा. नावं आणि फॉरमॅटिंग ईएसलिंटसारख्या लिंटरकडेच (ठरलेल्या नियमांनी कोड तपासणाऱ्या साधनाकडेच) राहू द्या. लिंटर त्याच कोडला रोज तेच उत्तर देतो, मॉडेल देईलच असं नाही. म्हणून मॉडेलची आवृत्ती आणि प्रॉम्प्ट दोन्ही रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या भांडारातच, नोंदवून ठेवा.

कोड बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असेल तर आधी परवानगी घ्या, आणि पासवर्ड-कीच्या फाइली वगळा.

आता जोडणी. उत्तर मोकळ्या मजकुरात न घेता फाइल, ओळ, गांभीर्य, संदेश असे ठरलेले रकाने मागा आणि त्यांची सारिफ (तपासणीचे निकाल नोंदवायचा ठरलेला साचा) फाइल बनवा. सारिफ हे जेसन या डेटा-स्वरूपावर आधारलेलं, ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण (आवृत्ती २.१.०, २०२०), गिटहबचं कोड स्कॅनिंग ते वाचतं, व्हीएस कोडमध्येही एक्स्टेन्शन टाकून ते उघडता येतं.

खरी गंमत ओळ क्रमांकात आहे. मॉडेल सांगतं, ‘ओळ ५२: कॅच ब्लॉक (चूक झाली तर चालणारा कोड) रिकामा.’ बघावं तर फाइल ४८ ओळींचीच, आणि तो ब्लॉक ४६ वर! इशारा खरा, पत्ता चुकीचा. त्यामुळे क्रमांकासोबत कोडची ती ओळ जशीच्या तशी मागा आणि स्क्रिप्टने शोधा. सापडली नाही किंवा या डिफमध्ये बदललेलीच नसली, तर इशारा गाळा.

प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे प्रत्येक कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, मॉडेल घालू नका. कमिटला अर्धा मिनिट लागू लागला की लोक ही तपासणी टाळणारा नो-व्हेरिफाय पर्याय लावून मोकळे होतात. मॉडेल पुल रिक्वेस्टवरच चालवा. सुरुवातीचे काही आठवडे या तपासणीच्या जॉबचा एक्झिट कोड ० (म्हणजे ‘यशस्वी’) ठेवा, म्हणजे मर्ज अडणार नाही. मॉडेलशी जोडणारा एपीआय बंद पडला तरीही ०.

नंतर ज्या एक-दोन प्रकारांत खोटे इशारे क्वचितच आले, तेवढ्यांवरच मर्ज अडवा. तिथेही इशारा गप्प करायची सोय हवी, मात्र शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहिल्याशिवाय नाही.